कडक पांढरा पृष्ठभाग असणे आवश्यक

माणूस नाशिवंत आहे, जागा चिरंतन आहे. माणसं येतात, वाकतात, पिकतात, गळून पडतात. खुर्ची जिथल्या तिथे असते, फार तर तिची गादी बदलतात. हे सत्य साधुसंतांना आधी कळलं आणि मनुष्यबळ विभागाला मागाहून. पण त्याची अंमलबजावणी केली ती विभागानंच.

आमच्या बेल हार्बरला हा विभाग जरा उशिरा आला. सुपीरियर सरोवराच्या काठावरच्या या गावात आधी तांबं निघायचं. तांबं संपलं तेव्हा लाकूड निघालं. लाकूडही संपलं तेव्हा इथून काढण्यासारखं काही राहिलं नाही, नुसती माणसं राहिली. मग शाळा मंडळाच्या ध्यानात आलं की माणूस हीसुद्धा एक खनिज संपत्तीच आहे, आणि शाळेच्या तळघरात, बॉयलरला पाठ लावून, मनुष्यबळ विभाग उघडण्यात आला. हिवाळ्यात गावातली सर्वांत उबदार जागा तीच. (उन्हाळ्यातही.)

विभागात आम्ही दोघं. प्रमुख हूकस्ट्राबाई आणि त्यांचा सहायक मी, आल्डन. बाई पुलाखालच्या. आमच्या द्वीपकल्पाला खालच्या मुलखाशी जोडणारा जो मोठा पूल आहे, त्याच्या दक्षिणेला राहणाऱ्या सगळ्यांना आम्ही पुलाखालचे म्हणतो. पुलाखाली माणसं खाणारे राक्षस राहतात हे आम्हाला लहानपणी गोष्टींतून सांगितलेलं असतं, त्यामुळे बाईंबद्दल गावाला आधीपासूनच आदर होता. त्यांच्या भिंतीवर तीन प्रमाणपत्रं होती आणि बोलण्यात एकही वाक्य अर्धवट नसे. मी इथलाच. माझी पात्रता एवढीच की ती जागा निघाली त्या सकाळी मी तळघरात बॉयलर बघायला गेलो होतो.

त्या वर्षी मंडळानं गावातल्या दोन शाळांची एक शाळा करायचं ठरवलं. याला पुनर्रचना म्हणतात. पुनर्रचनेत कुणालाही कामावरून काढत नाहीत, हे मी आग्रहानं सांगू इच्छितो. फक्त प्रत्येकाच्या खालची जागा हळूच सरकवून घेतात, ती रिकामी झाल्याचं जाहीर करतात, आणि मग त्याच जागेसाठी अर्ज करण्याची समान संधी प्रत्येकाला देतात. चालत्या बैलाला गाडीपासून सोडून पुन्हा गाडीसाठी अर्ज करायला सांगावं, तसं हे आहे. बैलाला काही काळ मोकळं वाटतं. नंतर वैरण आठवते.

पण जागा भरायची तर आधी ती जागा म्हणजे नेमकं काय, हे कळायला हवं. म्हणून कार्यविश्लेषण. काम चालू असताना कोपऱ्यात बसायचं, बघायचं, टिपायचं. टिपलेल्यावरून कार्यवर्णन तयार होतं. कार्यवर्णनावरून ते काम करणारा माणूस कसा हवा, हे ठरतं. त्यावरून जाहिरात, जाहिरातीवरून अर्ज, अर्जांवरून मुलाखती. शिंपी आधी कपडा शिवतो आणि मग त्यात बसेल असं गिऱ्हाईक शोधतो, इतकी ही साधी गोष्ट आहे.

या शास्त्राचा पहिला नियम बाईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितला.

"आल्डन, रस्त्यावर कुणी बर्फ उपसत असला तर तू कुणाकडे बघतोस? माणसाकडे की फावड्याकडे?"

"माणसाकडे, बाई. ओळखीचा असतो ना."

"तिथंच चुकतं बघ. काम बघायचं, माणूस बघायचा नाही. माणूस बघितला की लळा लागतो, आणि लळा लागला की नोंद बिघडते."

मी ते वाक्य छापून बॉयलरवर लावलं. उष्णतेनं ते दर महिन्याला पिवळं पडे. मी पुन्हा छापत असे.

आता लेम्पीबाई.

लेम्पी हीकिला शाळेच्या जेवणघरात वाढायच्या. बुधवारी टोमॅटोचं सूप आणि चीज भरून भाजलेला पाव, शुक्रवारी पेस्ट्या, म्हणजे बटाटा-मांस भरून भाजलेल्या करंज्या, बाकीच्या दिवशी देवाची इच्छा. गावात चाळिशीच्या आतलं एकही पोट असं नाही की ज्यात त्यांच्या ओगराळ्याचं सूप गेलेलं नाही. त्यात माझंही आलं. घरी त्यांचा नवरा आर्वो. तरुणपणी शेवटची खाण बंद होईपर्यंत खाणीत होता. खाण बंद झाली, पण तिची धूळ त्याच्या छातीत कामावरच राहिली. आता नाकाशी नळी आणि खुर्चीशी ऑक्सिजनचं नळकांडं. ते नळकांडं, ते औषध, तो डॉक्टर, सगळं लेम्पीबाईंच्या नोकरीच्या विम्यावर. आमच्याकडे विमा माणसाचा नसतो, जागेचा असतो. माणूस नाशिवंत आहे ना. जागा गेली की महिनाअखेरीला श्वासही गेला. सरकारी विमा मिळायच्या वयाला आर्वोला अजून दोन वर्षं होती आणि त्याच्या छातीला एवढा धीर नव्हता.

जानेवारीत लेम्पीबाई खरकटं टाकायला मागच्या दारानं गेल्या आणि बर्फावरून घसरल्या. उजवा हात कोपराखाली मोडला. डॉक्टरनं बोटांपासून कोपरापर्यंत प्लास्टर घातलं आणि घरी बसायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ओगराळ्यापाशी हजर.

मुख्याध्यापक म्हणाले, "लेम्पी, घरी जा. हात मोडलाय तुझा."

"एक मोडलाय. दुसरा आजवर नुसता पदराला धरून हिंडला. त्यालाही कळू दे की संसार काय असतो."

नेमक्या त्याच आठवड्यात आम्ही कार्यविश्लेषणाला जेवणघराच्या कोपऱ्यात जाऊन बसलो.

आणि काय सांगावं, काम फार सुंदर चाललं होतं. लेम्पीबाई डाव्या हातानं सूप वाढायच्या आणि उजवा हात छातीपाशी आडवा धरायच्या; पोरं आपला ट्रे त्या प्लास्टरवर टेकवायची. फळीवर मांजर बसावं तसा ट्रे तिथं बसायचा. दुधाचा खोका त्या काखेत धरून उघडायच्या. पाव उलथायला त्यांनी पाचवीतल्या पोरांची पाळी लावली होती. अधूनमधून हात थांबवून एका लांब चमच्याची दांडी प्लास्टरमध्ये घालायच्या, डोळे मिटून खाजवायच्या, आणि रांग अदबीनं थांबायची. प्लास्टरवर पोरांनी नावं लिहिली होती, चित्रं काढली होती, कुणी सरोवर काढलं होतं, कुणी त्यात बुडणारी शाळा. जागा मिळावी म्हणून रांगेत मारामारी व्हायची, आणि मारामारी होऊ नये म्हणून गाणं:

पांढऱ्या पांढऱ्या हातावर काळं काळं नाव,
सूप वाढ गं लेम्पीआजी, उपाशी सारा गाव.

मी ताल धरला होता. बाईंनी माझ्या गुडघ्यावर पेन्सिल मारली.

तळघरात परतल्यावर आम्ही नोंदी ताडून बघितल्या. एका मुद्द्यावर मला शंका होती.

"बाई, हे प्लास्टर..."

"हं. माझ्याही नोंदीत आहे. त्याचं काय?"

"ते लिहायचं नाही ना? ते तर लेम्पीबाईंचं आहे."

"आपण लेम्पीबाईंकडे बघत होतो का?"

"नाही, बाई."

"मग आपण कशाकडे बघत होतो?"

"कामाकडे."

"कामाकडे बघताना प्लास्टर दिसलं. म्हणजे ते कुणाचं झालं?"

मी नोंदी पुन्हा चाळल्या. बॉयलर मध्येच हुंकारला. तर्काला कुठंही फट नव्हती. माणूस नजरेच्या कक्षेतच नव्हता; प्लास्टर होतं; तेव्हा ते माणसाचं असणं शक्य नाही. ते कामाचंच.

तरी मी म्हणालो, "पण बाई, हात मोडलाय म्हणून..."

बाईंनी दार लावून घेतलं. "आल्डन, हा शब्द पुन्हा या खोलीत नको. कुणाच्या शरीरात काय मोडलंय, काय बिघडलंय, हे विचारायला कायद्यानं बंदी आहे. लिहायला तर त्याहून बंदी. आपण सभ्य विभाग आहोत."

म्हणून कार्यवर्णनात 'मोडका' हा शब्द नाही. त्यातली काही कलमं आजही मला पाठ आहेत, आणि भाषा म्हणून ती कुणीही वाचावीत:

ओगराळं डाव्या हातानं चालवणे. उजवी भुजा छातीच्या उंचीवर आडवी ठेवून ट्रेसाठी आधार पुरवणे. सदर भुजेवर, बोटांपासून कोपरापर्यंत, कडक पांढरा पृष्ठभाग बाळगणे व तो विद्यार्थ्यांच्या लिखित अभिव्यक्तीसाठी खुला ठेवणे. पृष्ठभागाची अंतर्गत देखभाल लांब दांडीच्या चमच्यानं, वेळोवेळी, समाधानी चेहऱ्यानं करणे.

बाकीच्या जागांचंही असंच बारकाईनं झालं. झाडलोट करणारे रासमुस यांचं विश्लेषण झालं तेव्हा त्यांना सर्दी होती. त्यामुळे त्या जागेला प्रत्येक जिन्याच्या वळणावर दोन शिंका लागू झाल्या. भूगोलाच्या कुमारी पेल्टोनेन यांचं लग्न आदल्या संध्याकाळी मोडलं होतं. नद्यांचा धडा चालू असताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि वर्गातलं एक पोरही हललं नाही. बाईंनी लिहिलं: 'नद्या शिकवताना अश्रू ढाळणे, विद्यार्थ्यांचे लक्ष शंभर टक्के.' आकडा खोटा नव्हता. मीच मोजला होता.

जाहिरात लागली. 'मुलांची आवड, डाव्या हाताचा सराव, उजव्या कोपराखाली कडक पांढरा पृष्ठभाग असणे आवश्यक. रंगीत पृष्ठभागाचा विचार केला जाईल.' मंडळाच्या वकिलानं ती तीनदा वाचली. त्याला वाटलं, धडधाकट माणसांवर हा अन्याय तर नाही ना? मग तो म्हणाला की धडधाकट माणसांवर अन्याय केल्याचा खटला आजवर कुणी जिंकलेला नाही, तेव्हा खुशाल छापा. त्या वर्षी सर्वसमावेशक जाहिरातीसाठीचं राज्याचं मानचिन्ह आमच्या विभागाला मिळालं. ते बॉयलरवर ठेवलं होतं. त्याचं टोक जरा वितळलं आहे.

अर्ज भरपूर आले. हिवाळा संपत आला की आमच्याकडे मोडक्या हाडांचा हंगाम असतो. कुणी बर्फगाडीवरून पडलेलं, कुणी बर्फावरच्या हॉकीत आपटलेलं. एका उमेदवाराचं प्लास्टर पायाला होतं. अवयव चुकला म्हणून त्याला नाकारलं, पण त्याचं नाव फुटबॉल प्रशिक्षकाच्या जागेसाठी राखून ठेवलं. (प्रशिक्षकाचं विश्लेषण तेव्हा व्हायचं होतं. काय सांगावं.)

आणि लेम्पीबाईंचा अर्ज आला. मे महिन्यात त्या मुलाखतीला आल्या तेव्हा त्यांच्या अंगात निळा कोट होता, केस नीट विंचरलेले होते, आणि दोन्ही हात मांडीवर ठेवलेले होते. दोन्ही. बाईंनी ते लगेच टिपलं.

"मिसेस हीकिला, तुमच्या उजव्या पृष्ठभागाबद्दल सांगा."

"कसला पृष्ठभाग?"

"कोपराखालचा."

"तो होय! तो काढला की हो एप्रिलात. हात बरा झाला." लेम्पीबाईंनी हात वर करून बोटं उघडमिट करून दाखवली. "बघा. लोणी चोपडल्यासारखा चालतोय."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी नोंदीकडे बघितलं.

"म्हणजे सध्या ती पात्रता तुमच्यापाशी नाही."

"बाई, अहो, तो मोडला होता."

"हे मी ऐकलं नाही," बाई घाईनं म्हणाल्या. "मला ते ऐकायला परवानगी नाही. आल्डन, तूही ऐकलं नाहीस."

"मग काय ऐकलंत?"

"पृष्ठभाग नाही, एवढं."

लेम्पीबाई माझ्याकडे वळल्या. "काय रे आल्डन? सूप सांडलं की रडायचास, आठवतं का? मी परत वाढायचे. तेव्हा मी पृष्ठभाग विचारला होता का तुला?"

मुलाखतीत सहायकानं उमेदवाराशी जुनी ओळख दाखवू नये, असा नियम आहे आणि तो अतिशय योग्य आहे. मी फक्त पेन्सिल खाली पाडली आणि ती उचलायला वाजवीपेक्षा जास्त वेळ लावला.

प्रात्यक्षिकात त्यांनी आणखी नुकसान करून घेतलं. मंडळाचे सभासद पोरांच्या जागी रांगेत उभे होते. लेम्पीबाईंनी एका हातात ट्रे घेतला, दुसऱ्या हातात ओगराळं, आणि सभासदांना कळायच्या आत सगळ्यांच्या वाडग्यांत सूप होतं. थेंब सांडला नाही. बाईंनी निकालात लिहिलं: 'हातांचा अतिरिक्त वापर. गती प्रमाणाबाहेर. विद्यार्थ्यांच्या अभिव्यक्तीस वाव नाही.' एकूण गुण: नाकारण्याइतके.

निवड झाली डस्टिन नावाच्या माणसाची. तो घरांची छतं गिलाव्यानं गुळगुळीत करायचा. हात त्यानं स्वतःच गिलावला होता, आणि काम इतकं सफाईदार होतं की मुलाखतीत बाईंनी त्यावरून बोट फिरवून बघितलं. सप्टेंबरात, नव्या एकत्र शाळेत, तो रुजू व्हायचा होता. लेम्पीबाईंचा विमा ऑगस्टअखेर संपणार होता.

नकाराचं पत्र टपालानं न पाठवता हातात द्यावं, हे विभागाचं मानवी धोरण. ते द्यायला मी गेलो. लेम्पीबाईंनी दार उघडलं, पत्र वाचलं, घडी घालून साखरेच्या डब्याखाली ठेवलं आणि कॉफी ओतली. वेलदोड्याचा गोड पाव कापला. आमच्याकडे वाईट बातमी आणणाऱ्यालाही उपाशी पाठवत नाहीत. तो थंडीतून आलेला असतो.

आर्वो खिडकीपाशी खुर्चीत होता. नळकांडं त्याच्या पायाशी, म्हाताऱ्या कुत्र्यासारखं.

"काय म्हणतंय सरकार?" त्यानं विचारलं.

"म्हणतंय, हात फार चांगला आहे माझा."

"मग हातोडी तळघरात आहे," आर्वो म्हणाला. "जिन्याखाली."

"गप बसा. दम लागेल."

"आल्डन, तू सांग बाबा. कुठं मोडायचा ते नेमकं सांग. कोपराखाली ना? नाहीतर ही घाईघाईत खांदा मोडून घेईल, आणि तुम्ही म्हणाल जागा चुकली." तो हसायला लागला, हसण्याचा खोकला झाला, खोकल्याची शिट्टी झाली. लेम्पीबाई उठल्या, डाव्या हातानं त्याची पाठ चोळली आणि उजव्या हातानं नळकांड्याची कळ थोडी फिरवली. शिट्टी थांबली. हे काम दोन हातांचं होतं. पण त्या कामाचं विश्लेषण अद्याप कुणी केलेलं नव्हतं.

मग खाली बसून त्या आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिल्या. पाळण्यातल्या पोराकडे बघावं तसं.

"प्लास्टर काढलं त्या दिवशी मी चर्चमध्ये जाऊन मेणबत्ती लावली," त्या म्हणाल्या. "जरा घाईच झाली."

फ्रिजवर, पावाच्या टोपलीशेजारी, ते प्लास्टर होतं. डॉक्टरनं कापून दोन फाका केल्या होत्या, शेंग उघडावी तशा. पोरांची नावं होती म्हणून त्यांनी टाकलं नव्हतं. सरोवर होतं, बुडणारी शाळा होती. आर्वोची नजर तिकडे गेली. त्याच्या नजरेमागून लेम्पीबाईंची गेली. नळकांडं आपलं बोलत होतं.

"माझे जुने स्केटचे बूट कुठे आहेत?" आर्वोनं विचारलं.

"आता कुठं हॉकी खेळायला निघालात?"

"नाड्या हव्यात. लांब असतात त्या. न तुटणाऱ्या."

पुढचं मला सांगता येणार नाही. मी त्या वेळी खिडकीबाहेर बघत होतो. शेजाऱ्याच्या कुंपणावर एक कावळा बसला होता आणि मी त्याचं कार्यविश्लेषण करत होतो. आमच्या शास्त्राचा पहिलाच नियम आहे, माणूस बघायचा नाही, आणि तो त्या दिवशी मी जितका कसोशीनं पाळला तितका आधी कधी पाळला नव्हता.

डस्टिनचं सप्टेंबरातल्या पहिल्याच बुधवारी आटोपलं. गिलाव्याला सुपाची वाफ मानवत नाही. पहिल्या वर्गाची रांग संपेपर्यंत त्याचा पृष्ठभाग मऊ झाला, दुसऱ्या वर्गाच्या मध्यावर निसटला आणि टोमॅटोच्या सुपात बुडाला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशीचं सूप गुलाबी आणि जरा दाट होतं. तक्रार एकाचीच आली, मुख्याध्यापकांची. खाली निघालेला हात पूर्णपणे निरोगी होता. डस्टिनला 'पात्रतेचा अचानक लोप' या कारणानं मुक्त करण्यात आलं. छतांचं काम त्याच्या हाताशी होतंच.

जागा पुन्हा रिकामी. दरम्यान लेम्पीबाईंचा विमा संपला होता. आर्वो नळकांडं अर्ध्यावर ठेवून श्वास घेत होता आणि म्हणायचा की खाणीतही एवढीच हवा होती.

दुसऱ्या मुलाखतीला लेम्पीबाई आल्या तेव्हा त्यांचा उजवा हात छातीपाशी आडवा होता. बोटांपासून कोपरापर्यंत कडक, पांढरा, नावांनी भरलेला. हूकस्ट्राबाईंचा चेहरा उजळला. मी त्यांना राज्याचं मानचिन्ह घेतानाही इतकं आनंदी बघितलं नव्हतं.

"मिसेस हीकिला! केवढी सुधारणा!"

"प्रयत्न केला, बाई."

बाईंनी पुढे वाकून बघितलं. "आणि ही बाजूनं नाडी?"

मी पेन्सिल पाडायच्या तयारीत होतो.

"हवा लागायला," लेम्पीबाई म्हणाल्या. "आणि खाजवायला बरं पडतं."

"देखभालीस सुलभ," बाईंनी लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. आधीच्या नमुन्यापेक्षा ही स्पष्ट प्रगती होती. प्रात्यक्षिकात डाव्या हाताचं ओगराळं जरा कललं, थोडं सांडलं. मंडळाच्या अध्यक्षांच्या बुटावर. शंभरपैकी शंभर.

आता सगळं सुरळीत आहे. लेम्पीबाईंचा विमा चालू झाला, आर्वोचं नळकांडं पुन्हा पूर्ण सुटलं. रासमुस जिन्याच्या वळणावर मिऱ्याची चिमूट ओढून दोनदा शिंकतात. कुमारी पेल्टोनेन यांचं दुसरीकडे लग्न ठरलं, त्या सुखात आहेत. म्हणून नद्यांच्या धड्याआधी त्या स्वयंपाकघरात जातात आणि लेम्पीबाई त्यांना अर्धा कांदा देतात. वर्गाचं लक्ष अजून शंभर टक्के आहे. संध्याकाळी शाळा सुटली की ही सगळी माणसं आपापल्या घरी जातात आणि दाराशेजारच्या खिळ्यावर कोट टांगतात, कोटाशेजारी दिवसभर बाळगलेली पात्रता टांगतात. हीकिलांच्या दाराशी दोन खिळे आहेत. सकाळी लेम्पीबाई हात पुढे करतात आणि आर्वो खुर्चीत बसल्या बसल्या नाडी बांधतो. एका हातानं नाडी बांधता येत नाही. तिथं दुसरं माणूस लागतं.

सुरुवातीला आम्ही दोघं खाली तळघरात असलो की वर जेवणघरात लेम्पीबाई गुपचूप दोन्ही हात वापरत. आता वापरत नाहीत. शनिवारी त्या सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीत, बसल्या की आर्वो दाराबाहेरून ओरडतो, "लेम्पी, सोड की आता हात मोकळा!" आणि त्या आतून म्हणतात, "सोडलाय की." हात छातीपाशी आडवाच असतो. त्यांना ते माहीत नाही. वार्षिक मूल्यमापनात आम्ही त्यांना 'उत्कृष्ट' दिलं आहे.

विभागाची कीर्ती पसरली आहे. दूरदूरच्या कचेऱ्यांतून आम्हाला विचारणा येते की आमच्याकडेही या, आमच्या जागांचं विश्लेषण करा. आम्ही नम्रपणे कळवतो की गरज नाही. ते झालेलंच असतं. कुणीतरी कधीतरी, तुमच्या आधी त्या खुर्चीत बसलेल्याच्या एखाद्या वाईट आठवड्यात, कोपऱ्यात बसून सगळं टिपून गेलेलं असतं, आणि तेच तुम्ही रोज सकाळी निमूट अंगावर चढवता.

तुमच्या दाराशेजारच्या खिळ्यावर संध्याकाळी काय टांगलेलं असतं, हे आम्ही विचारणार नाही. कायद्यानं बंदी आहे. सकाळी नाडी बांधून देणारं माणूस घरात आहे, आणि त्याचा श्वास कुणाच्या विम्यावर चालतो हे त्याला ठाऊक आहे, एवढं पुष्कळ झालं.

फक्त एक. हे वाचताना तुमचा दुसरा हात कुठे आहे, ते जरा बघा. नाही बघितलंत तरी चालेल. नोंद झाली आहे.